जुन्या वळणाची झिलई : चिनी स्टोनवेअरमधील अनुकरणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या वस्तुसंग्रहालयात राखी-निळ्या, बारीक तड्यांनी भरलेल्या फुलदाणीखाली ‘ग्वान शैली, अठरावे शतक’ अशी पाटी दिसते आणि पाहणारा अडखळतो. ग्वान भांडी सोंग काळातील, म्हणजे आठशे-नऊशे वर्षांपूर्वीची, असे त्याने वाचलेले असते. मग ही फुलदाणी बनावट म्हणायची की काय, असा प्रश्न त्याला पडतो. ती बनावट नाही. चिनी कुंभारकलेत जुन्या शैलीची भांडी नव्याने घडवण्याची एक मोठी, उघड आणि सन्मानाची परंपरा आहे. त्या परंपरेविषयी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

स्टोनवेअर म्हणजे नेमके काय? चिनी मातीपेक्षा ते वेगळे आहे का?

लोणच्याची जुनी बरणी डोळ्यांसमोर आणावी. वर तपकिरी, खाली पिवळसर पांढरी, जड, आणि मिठा-आंबटाने वर्षानुवर्षे न झिजणारी ती बरणी स्टोनवेअरच असते. साधारण १२०० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानाला भाजलेली माती इतकी घट्ट होते की झिलई नसतानाही तिच्यातून पाणी झिरपत नाही. पोर्सेलीन, म्हणजे ज्याला आपण सरसकट चिनी माती म्हणतो ते, याहून पांढरे असते आणि पातळ घडवले तर त्यातून उजेड दिसतो. स्टोनवेअरमधून तो दिसत नाही आणि त्याची माती बहुधा राखी, तपकिरी किंवा काळपट असते.

ही विभागणी पाश्चात्त्य अभ्यासकांची आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे. चिनी भाषेत मुख्य भेद दोनच : कमी आचेवर भाजलेले ‘थाओ’ आणि जास्त आचेवर भाजलेले, टिचकी मारल्यावर खणखणणारे ‘त्सऽ’. त्यामुळे ज्या भांड्यांना लंडनमध्ये स्टोनवेअर म्हणतात, त्यांनाच बीजिंगमध्ये पोर्सेलीनच्या रांगेत बसवले जाते. पुस्तके पडताळताना होणारा निम्मा गोंधळ येथून सुरू होतो.

अनुकरण कोणत्या जुन्या शैलींचे झाले?

मुख्यतः सोंग काळातील, म्हणजे इ. स. ९६० ते १२७९ या काळातील, नामांकित भट्ट्यांचे. नंतरच्या रसिकांनी रू, ग्वान, गऽ, ज्युन आणि डिंग अशी पाच नावे एकत्र गुंफली. यांपैकी डिंग हे पांढरे पोर्सेलीन असल्याने आपल्या विषयाच्या कडेला राहते. उरलेली चार येथे महत्त्वाची आहेत.

रू भांडी हेनान प्रांतातील बाओफेंग तालुक्यात, छिंगलियांगस या गावी, अकराव्या शतकाच्या अखेरीस आणि बाराव्याच्या आरंभी फार थोडी वर्षे दरबारासाठी घडली. पाऊस उघडल्यानंतरच्या आकाशासारखी त्यांची फिकी निळी झिलई आहे आणि जगभरात मिळून शंभराहून कमी नग उरले आहेत. २०१७ साली हाँगकाँगच्या लिलावात ब्रश धुण्याची एक रू वाटी २९.४३ कोटी हाँगकाँग डॉलरना विकली गेली. वाटीचा व्यास जेमतेम १३ सेंटिमीटर आहे.

११२७ साली उत्तरेकडील राजधानी शत्रूच्या हाती गेली, दरबार दक्षिणेस आजच्या हांगझोऊला आला आणि तेथे ग्वान, म्हणजे ‘सरकारी’, भांड्यांच्या भट्ट्या उभ्या राहिल्या. काळपट पातळ माती आणि तिच्यावर थरावर थर देऊन चढवलेली जाड झिलई, हे त्यांचे लक्षण. काही तुकड्यांत झिलईचा थर मातीहूनही जाड भरतो. गऽ भांडी दिसायला ग्वानच्या जवळची आहेत. ‘गऽ’ म्हणजे थोरला भाऊ. दक्षिणेकडील झेजियांग प्रांतातील लोंगछुआन येथे दोन भाऊ भट्ट्या चालवीत आणि थोरल्याच्या भांड्यांवर तडे पडत, अशी दंतकथा आहे. ही भांडी नेमकी कोठे आणि केव्हा घडली यावर अजून वाद आहे.

ज्युन मात्र वेगळ्याच प्रकृतीची. हेनानमधील युझोऊ परिसरात घडलेल्या या भांड्यांवर दुधट निळी झिलई आणि तिच्यात जांभळ्या-लाल रंगाचे डाग किंवा लोट दिसतात. बुडाशी एक ते दहा आकडे कोरलेल्या ज्युन कुंड्या पूर्वी सोंग काळातील मानल्या जात. आज अनेक अभ्यासक त्यांना पंधराव्या शतकातील ठरवतात. अनुकरणाचा ‘मूळ नमुना’च किती निसरडा असू शकतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

जुन्यासारखे घडवण्याची एवढी ओढ कशासाठी?

चिनी भाषेत यासाठी ‘फांगगू’ असा शब्द आहे : प्राचीनाला अनुसरणे. त्यात फसवणुकीची छटा नाही. सुलेखन शिकणारा थोर सुलेखकाचे वळण वर्षानुवर्षे गिरवतो, गायनाचा शिष्य आधी गुरूची चीज तंतोतंत उचलतो, त्याच जातीची ही साधना आहे. मराठीतील ‘नक्कल’ हा शब्द मला येथे अपुरा वाटतो. ‘बरहुकूम’ त्याहून जवळचा आहे, पण त्यातही आदर उतरत नाही.

शिवाय ज्यांचे अनुकरण झाले ती सोंग भांडीदेखील अनुकरणातूनच जन्मली होती. सोंग दरबाराने आपल्याही हजार-दोन हजार वर्षांपूर्वीची कांस्यपात्रे गोळा केली, त्यांची सचित्र यादी तयार करवली आणि त्या घाटांची पात्रे विधींसाठी मातीत उतरवली. राजधानी गेल्यावर विधींचे साहित्यही गेले होते. नव्या राजधानीत परंपरा अखंड आहे हे दाखवणे ही राज्याच्या प्रतिष्ठेची बाब होती. ग्वान भांड्यांतील तिपायी धूपपात्रे आणि चौकोनी ‘त्सोंग’ फुलदाण्या अशा रीतीने प्राचीन कांस्य आणि जेड यांच्या छाया आहेत. अठराव्या शतकातील कारागीर ग्वान फुलदाणी पुन्हा घडवतो तेव्हा तो अनुकरणाचे अनुकरण करीत असतो, आणि हे त्याच्या गिऱ्हाइकालाही ठाऊक असते.

छिंग सम्राट (१६४४ ते १९११) मांचू वंशाचे, म्हणजे ईशान्येकडून आलेले परके राज्यकर्ते होते. चिनी संस्कृतीचे वारसदार म्हणून मान्यता मिळवण्याची त्यांना गरज होती. सोंग भांडी जपणे, त्यांच्यावर कविता रचणे आणि तशीच नवी घडवून घेणे हा त्या खटाटोपाचाही भाग होता. अठराव्या शतकातील छियानलोंग सम्राटाने तर आपल्या कविता प्रत्यक्ष सोंग भांड्यांच्या बुडावर कोरून घेतल्या. आजचा कोणताही संग्रहपाल हे ऐकून हादरेल, पण सम्राटाच्या दृष्टीने तो पूर्वसूरींशी संवाद होता.

हे अनुकरण केव्हापासून चालू आहे?

मूळ भट्ट्या थंडावल्या न थंडावल्या तोच. लोंगछुआनमध्ये काळ्या मातीची, ग्वानसारखी भांडी दक्षिण सोंग काळातच, म्हणजे ११२७ नंतर दरबार दक्षिणेस असतानाच, घडत होती. १३८८ साली त्साओ झाओ याने जुन्या वस्तू पारखण्याविषयी लिहिलेल्या ‘गगू याओलुन’ या ग्रंथात बनावट ग्वान भांडी लोंगछुआनची असतात असा इशारा दिला आहे, आणि युआन काळाच्या (१२७१ ते १३६८) अखेरीस नव्याने भाजलेल्या गऽ भांड्यांची माती भरड व रंग हलका असल्याची तक्रारही केली आहे. १३७१ साली मृत्यू पावलेल्या वांग शिंगझू या सेनानीच्या नानजिंग येथील थडग्यात गऽ प्रकारच्या ११ ताटल्या सापडल्या, त्यामुळे त्या काळच्या मालाचा एक पक्का पुरावा हाती आला. पुढे मिंग काळात (१३६८ ते १६४४) शुआनदे आणि छेंगहुआ सम्राटांच्या राजवटीत, म्हणजे पंधराव्या शतकात, पोर्सेलीनचे मोठे केंद्र असलेल्या जिंगदेझेन या गावच्या सरकारी भट्ट्यांनी गऽ धर्तीची भांडी सम्राटाच्या नाममुद्रेसह घडवली. नाममुद्रा उघडपणे घातली याचा अर्थ ती सोंग म्हणून खपवायची नव्हती.

तांग यिंग या अधिकाऱ्याचे नाव सतत का घेतले जाते?

कारण अनुकरणाला त्याने शास्त्राची शिस्त लावली. तांग यिंग १६८२ मध्ये जन्मला आणि १७२८ मध्ये, योंगझेंग सम्राटाच्या कारकिर्दीत, जिंगदेझेनच्या भट्ट्यांवर देखरेखीसाठी आला. त्या वेळी आपल्याला या कामातले काही कळत नव्हते, हे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. लोकांच्या भेटीगाठी बंद करून तीन वर्षे तो कारागिरांबरोबर जेवला-राहिला आणि माती, झिलई, आच यांचे ज्ञान त्याने मिळवले. हाताखालच्यांच्या पंगतीला बसून शिकणारा दरबारी अधिकारी कोणत्याही देशात विरळाच.

राजवाड्यातून जुनी सोंग भांडी नमुन्यासाठी जिंगदेझेनला पाठवली जात. नुसत्या डोळ्यांनी पाहून ज्युनची झिलई साधत नव्हती, म्हणून १७२९ मध्ये त्याने आपल्या एका सहायकाला ज्युन भांड्यांच्या मूळ मुलखात पाककृती शोधायला धाडले. १७३५ मध्ये त्याने ५७ प्रकारच्या झिलयांची आणि सजावटींची यादी शिलालेखासाठी लिहिली. तिच्या आरंभीच ‘लोहदेही’ ग्वान झिलई, ‘लोहदेही’ गऽ झिलई, ‘ताम्रदेही’ रू झिलई अशा नोंदी येतात. ज्युनच्या छटांची नावे तर वाचतच राहावीत अशी आहेत : गुलाबी जांभळा, वांग्याच्या फुलाचा जांभळा, कच्च्या आलुबुखाराचा हिरवा आणि ‘खेचराचे काळीज, घोड्याचे फुप्फुस’. हे शेवटचे नाव किळसवाणे वाटेल. पण ज्युनची लाल-निळी, शिरा-शिरांची झिलई एकदा पाहिली की ते किती नेमके आहे ते पटते.

या प्रयोगांतून एक अनपेक्षित फळ मिळाले. ज्युनच्या मागे लागता लागता जिंगदेझेनच्या कारागिरांना ज्वालांसारखी लाल-निळी ओघळती झिलई साधली. तिला ‘याओब्येन’, म्हणजे भट्टीतील पालट, म्हणतात. तिच्याने युरोपातील कुंभार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झपाटले. अनुकरणातून नवे जन्मते ते असे.

जिंगदेझेन तर पोर्सेलीनसाठी प्रसिद्ध आहे. मग तेथील अनुकृती स्टोनवेअर कशा?

शंका रास्त आहे. जिंगदेझेनची नेहमीची माती पांढरीशुभ्र, तर ग्वानची काळसर. म्हणून कारागिरांनी मातीत लोहयुक्त माती मिसळून ती गडद केली, किंवा पांढऱ्या मातीच्या उघड्या बैठकीवर तपकिरी लेप दिला. ग्वान आणि गऽ भांड्यांत काठावरची झिलई आचेत खाली सरकून विरळ होते आणि आतली माती जांभळट दिसते. बैठकीची उघडी माती भट्टी थंड होताना हवा लागून लोखंडी तपकिरी होते. याला ‘जांभळे ओठ, लोखंडी पाय’ म्हणतात. हे लक्षण नसेल तर अनुकृती अपुरी, अशी समजूत होती. त्यामुळे या भांड्यांपैकी काही खरोखर स्टोनवेअर आहेत, काही पोर्सेलीनवर चढवलेला स्टोनवेअरचा वेष.

यीशिंग आणि शिवान या भट्ट्यांचे वैशिष्ट्य काय?

माझ्या मते या विषयाचा खरा जिवंतपणा दरबारी भट्ट्यांपेक्षा येथे आहे. ही दोन्ही ठिकाणे निखळ स्टोनवेअरची, आणि दोघांनीही ज्युनला आपल्या मातीत रुजवले.

जियांगसू प्रांतातील यीशिंग जांभळ्या मातीच्या बिनझिलईच्या चहादाण्यांसाठी जगभर ओळखले जाते. पण तेथेच मिंग काळाच्या उत्तरार्धात ओऊ घराण्यातील एका कुंभाराने गऽ, ग्वान आणि ज्युन यांच्या धर्तीची जाड, अपारदर्शक झिलई स्थानिक मातीवर चढवली. तिला ‘यीज्युन’ असे नाव पडले. गंमत अशी की तांग यिंगच्या यादीत याच ओऊ झिलईच्या अनुकरणाचीही नोंद आहे; म्हणजे अनुकरण करणारा शंभर-दीडशे वर्षांत स्वतःच अनुकरणीय ठरला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर गऽ मिंगशियांग आणि गऽ युआनशियांग या भावांच्या शिक्क्याची निळ्या-करड्या झिलईची भांडी गाजली. त्यांच्या आडनावाची चिनी लिपीतील खूण वेगळी असून गऽ भांड्यांशी तिचा काही संबंध नाही.

शिवान हे ग्वांगदोंग प्रांतात फोशानजवळ. येथील माती भरड आणि भांडी जाड. ज्युनची झिलई बहुधा एकाच जाड थराची, तर शिवानच्या कुंभारांनी आधी एक अस्तराची झिलई आणि तिच्यावर दुसरी अशी दुहेरी रीत वापरली. भाताच्या पेंढ्याची आणि लाकडाची राख झिलईत घातल्याने दोन थर आचेत एकमेकांत उतरतात आणि निळ्या पार्श्वभूमीवर पांढरट सरी कोसळल्यासारख्या दिसतात. या झिलईला ‘पावसाने भिजलेली भिंत’ म्हणतात. कोकणातल्या पावसाळ्यात चुन्याच्या भिंतीवरून ओघळ उतरताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे नाव समजावून सांगावे लागणार नाही. ‘ग्वांगज्युन’ या नावाने ही भांडी दक्षिण चीनभर आणि चिनी लोक जेथे जेथे स्थायिक झाले तेथे पोहोचली. मिंग काळात बांधलेली तेथील नानफेंग ही डोंगरउतारावरची लांबलचक ‘ड्रॅगन भट्टी’ आजही पेटते.

झिलईवरचे तडे हा दोष नव्हे काय?

मुळात दोषच होता. भट्टी थंड होताना माती आणि झिलई दोन्ही आकसतात. झिलई मातीपेक्षा जास्त आकसू पाहते तेव्हा ती ताणली जाते आणि तडकते. सोंग रसिकांना ही जाळी आवडली आणि कारागिरांनी ती मुद्दाम घडवून आणली. गऽ भांड्यांत मोठ्या भेगा काळ्या आणि त्यांच्यामधल्या बारीक भेगा पिवळट असतात : ‘सोन्याचे धागे, लोखंडाच्या तारा’. मोठ्या भेगा आधी पडतात आणि त्यांत गडद रंग भरला जातो. बारीक भेगा नंतर पडतात आणि फिक्या राहतात. अनुकृती करताना शाई किंवा चहा यांसारखे पदार्थ वापरून हाच परिणाम साधला जातो, आणि घाई केली की दोन्ही जाळ्या एकाच वेळी, एकाच गडदपणाने रंगतात.

ज्युनचा निळा रंग कोणत्या रंगद्रव्याने येतो?

निळ्या रंगद्रव्याने नव्हे, हे त्याचे मर्म. आचेत वितळलेली ज्युन झिलई थंड होताना दोन प्रकारच्या काचांत फाटते, जसे पाण्यात तेलाचे थेंब वेगळे व्हावेत. हे थेंब इतके सूक्ष्म असतात की निळा प्रकाश जास्त विखुरतो आणि झिलई आकाशासारखी, थोडी दुधट निळी दिसते. लाल-जांभळे डाग तांब्यामुळे येतात. रू आणि ग्वान यांचा निळसर-हिरवा रंग थोड्याशा लोहामुळे, भट्टीत हवा कमी ठेवून भाजल्याने येतो. या सगळ्यात थंड करण्याचा वेग निर्णायक असतो. पाककृती हाती असूनही अनुकृती फसण्याचे कारण बहुधा हेच असते.

सोंग काळातील मूळ भांडे आणि नंतरची अनुकृती यांतला फरक कसा ओळखावा?

आधी भांडे उलटे करावे. उत्तर बहुतेक वेळा बुडाशी असते. रू भांडी बारीक सुळक्यांवर टेकवून भाजत, त्यामुळे पूर्ण झिलईदार बुडावर तिळाएवढ्या खुणा राहतात. छिंग अनुकृतींत बैठकीची कडा सफाईने कातलेली, गोलसर आणि सारख्या तपकिरी लेपाची असते, आणि बऱ्याचदा निळ्या अक्षरांत योंगझेंग किंवा छियानलोंग सम्राटाची नाममुद्रा असते. नंतरच्या काही व्यापाऱ्यांनी अशा मुद्रा घासून काढल्या आणि भांडे सोंग म्हणून विकले. खोटेपणा घडला तो तेथे, कारागिराच्या हातून नव्हे. म्हणून बुडाच्या मध्यभागी घासल्याचा खळगा किंवा निस्तेज वर्तुळ दिसले तर सावध व्हावे.

उलट दिशेचेही प्रकार आहेत. जुन्या सम्राटाची नाममुद्रा नव्या भांड्यावर घालणे चीनमध्ये सर्रास चाले, कधी आदराने, कधी नफ्यासाठी. त्यामुळे मुद्रा हा एकटा पुरावा धरू नये.

प्रयोगशाळेत ऊष्मादीप्ती चाचणीने भांडे शेवटचे केव्हा भाजले गेले याचा अंदाज घेतात. त्यासाठी मातीचा किंचित चुरा काढावा लागतो, उत्तर बरेच मागेपुढे असू शकते, आणि कृत्रिम किरणोत्साराने ते बिघडवताही येते. शेवटी यंत्र आणि अनुभवी बोटे दोघांचीही साक्ष काढावी लागते.

या विषयाचा मुंबईशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो मराठी वाचकांना फारसा माहीत नसतो याची मला खंत वाटते. चिनी भांड्यांचे जगातील सर्वांत महत्त्वाच्या संग्राहकांपैकी एक, सर पर्सिव्हल डेव्हिड, १८९२ साली मुंबईत जन्मले. त्यांचे वडील सर ससून डेव्हिड हे बगदादी ज्यू व्यापारी घराण्यातील, आणि १९०६ साली स्थापन झालेल्या बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी होते. पर्सिव्हल यांनी चिनी भाषा शिकून रू भांड्यांवर विस्तृत लेख लिहिला आणि वर उल्लेखलेल्या त्साओ झाओच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केला, जो त्यांच्या मृत्यूनंतर १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे १७०० नगांचा त्यांचा संग्रह २००९ पासून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये मांडलेला आहे. त्यात सोंग काळातील रू आणि ग्वान भांडी आहेत आणि त्यांच्या छिंग अनुकृतीही आहेत. दोन्ही एकाच दालनात पाहण्याची अशी संधी चीन आणि तैवानबाहेर क्वचित मिळते.

खुद्द मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी वस्तू आहेत. लंडनला जाणे जमत नसेल त्यांनी आधी तेथे जावे.

घरात वाडवडिलांपासून आलेले असे एखादे भांडे असेल तर काय करावे?

व्यापारानिमित्त चीनशी संबंध आलेल्या मुंबईतील घरांत चिनी भांडी असणे नवलाचे नाही. किंमत काढण्याची घाई करू नये. तड्यांची झिलई असलेले भांडे पाण्यात भिजत ठेवू नये, कारण भेगांतून पाणी आणि मळ आत शिरतो. मऊ, कोरड्या कापडाने पुसणे पुरे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने कडक बंधने आहेत, त्यामुळे परदेशी लिलावाचा विचार मनात येण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी. भांड्याची छायाचित्रे काढताना पुढून एक आणि बुडाची तीन-चार काढावीत. आणि बैठकीवरचा तपकिरी थर मळ समजून घासू नये. तो दोनशे वर्षांपूर्वी कोणीतरी ‘लोखंडी पाय’ म्हणून मुद्दाम दिलेला असू शकतो, आणि तो गेला तर भांडे कोणत्या भट्टीचे हे सांगणारी एक महत्त्वाची खूण त्याच्याबरोबर जाईल.